पहिल्यांदाच ‘एपिक’ ऐकणाऱ्यांसाठी : गाणी, चाहते आणि त्यांची भांडणे

होमरच्या ‘ओडिसी’वर बेतलेली ‘एपिक : द म्युझिकल’ ही संगीतिका ज्याच्या कानावर पहिल्यांदा पडते, तो बहुतेक वेळा मधूनच कुठेतरी शिरलेला असतो. कुणी मित्राने किंवा घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने एखादे गाणे पाठवलेले असते, सोबत ‘युरिलोकसला माफी नाही’ असे तावातावाने लिहिलेले असते, आणि हा युरिलोकस कोण, त्याने केले काय, आणि इतकी माणसे त्याच्यावरून हमरीतुमरीवर का आली आहेत, याचा नव्या श्रोत्याला पत्ता नसतो. हा लेख अशा श्रोत्यासाठी आहे. गाणी कोणत्या क्रमाने ऐकावीत, आधी किती माहिती असावी आणि चाहत्यांच्या प्रतिक्रियांच्या गलबल्यात आपली वाट कशी काढावी, हे येथे पायरीपायरीने सांगितले आहे. गोष्ट आधी कळलेली ज्यांना चालत नाही, त्यांनी चौथ्या पायरीपर्यंत वाचून थांबावे आणि उरलेला लेख ऐकून झाल्यावर वाचावा.

पहिली पायरी : हाती काय आले आहे ते ओळखणे

‘एपिक’ नाट्यगृहात जन्मलेली नाही. मूळचा पोर्टो रिकोचा असलेल्या होर्हे रिव्हेरा-हेरान्स याने ती लिहिली, संगीतबद्ध केली आणि ओडिसिअसची भूमिकाही स्वतःच गायली. २०२१ पासून तो गाण्यांची कच्ची रूपे, अडलेल्या ओळी, एखादी चाल का बदलली याची कारणे असे सगळे टिकटॉकवर उघडपणे मांडत असे, आणि काही भूमिकांसाठी गायकही त्याने तिथेच आवाहन करून निवडले. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्येच बंदी आल्यामुळे इकडच्या श्रोत्यांना हा कारखाना चालू असताना पाहायला मिळाला नाही. आपल्यापर्यंत आला तो प्रामुख्याने तयार माल, तोही यूट्यूबवरून आणि गाण्यांच्या ॲपवरून. जुन्या चाहत्यांच्या बोलण्यात ‘आधी ही ओळ वेगळी होती’ असा उसासा वारंवार येतो, त्याचे मूळ या उघड्या कारखान्यात आहे. तुकडा ऐकून ज्यांनी तो वर्षभर गुणगुणला, त्यांना पक्के गाणे हाती आल्यावर त्यातली बदललेली ओळ खटकणारच.

एकूण गाणी ४० आहेत आणि ती ९ भागांत प्रसिद्ध झाली. या भागांना इंग्रजीत ‘सागा’ म्हटले जाते. मराठीत ‘पर्व’ हा शब्द इतका चपखल बसतो की पुढे तोच वापरला आहे. ट्रॉय पर्व २५ डिसेंबर २०२२ रोजी आले आणि सायक्लॉप्स पर्व जानेवारी २०२३ मध्ये. मग जवळजवळ अकरा महिन्यांची शांतता, आणि त्या वर्षीच्या नाताळात सागर पर्व. २०२४ मध्ये मात्र सहा पर्वे आली : सर्सी पर्व १४ फेब्रुवारीला, पाताळ पर्व २६ एप्रिलला, वज्र पर्व ४ जुलैला, प्रज्ञा पर्व ३० ऑगस्टला, सूड पर्व ३१ ऑक्टोबरला आणि शेवटचे इथाका पर्व २५ डिसेंबरला. या तारखा पाठ करण्याची गरज नाही. पण जवळ असू द्याव्यात, कारण पाचव्या पायरीला त्या लागणार आहेत.

दुसरी पायरी : गोष्ट किती माहीत असावी

फार नाही. ट्रॉयचे युद्ध दहा वर्षे चालले, इथाका बेटाचा राजा ओडिसिअस याच्या लाकडी घोड्याच्या युक्तीने ते संपले, आणि नंतर घरी पोहोचायला त्याला आणखी दहा वर्षे लागली. घरी पत्नी पेनेलोपी आणि तान्हेपणी मागे सोडलेला मुलगा टेलेमेकस आहे, राजवाड्यात लग्नेच्छूंनी ठाण मांडले आहे, बुद्धीची देवता अथीना ओडिसिअसच्या पाठीशी आहे आणि समुद्राचा देव पोसायडन पुढे त्याचा वैरी होतो. एवढ्या शिदोरीवर पहिले गाणे लावायला हरकत नाही.

‘आधी मूळ ग्रंथ वाचा’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तो हेतूने चांगला असला तरी नवख्याच्या सोयीचा नाही, असे माझे मत आहे. होमरचे काव्य २४ सर्गांचे आणि १२ हजारांहून अधिक ओळींचे आहे आणि ते सरळ सुरू होत नाही. पहिल्या चार सर्गांत टेलेमेकस वडिलांचा शोध घेत हिंडतो, नायक प्रत्यक्ष भेटतो तो पाचव्या सर्गात, आणि एकडोळ्या राक्षसाच्या, जादूगारीण सर्सीच्या, पाताळाच्या ज्या गोष्टी जगभर माहीत आहेत त्या ९ ते १२ या सर्गांत तो स्वतः परक्या राजाच्या दरबारात सांगतो. ‘एपिक’ने तो दरबार पूर्ण वगळला आहे आणि ट्रॉयच्या शेवटच्या रात्रीपासून इथाकापर्यंत सरळ रेषेत गोष्ट नेली आहे. दोन्ही एकदम हाती घेतले तर डोक्यात गुंता होतो. आधी ऐकावे, मग वाचावे.

तिसरी पायरी : ऐकण्याची बैठक

ॲपवर ‘शफल’ बंद आहे ना, हे पहिल्यांदा पाहावे. हे सांगणे बाळबोध वाटेल, पण चाळीस गाणी उलटसुलट ऐकून ‘काही कळले नाही बुवा’ म्हणणाऱ्यांत या एका बटणाचे बळी बरेच असतात. मोफत ॲपवर दोन गाण्यांच्या मध्ये जाहिरात येते आणि इथली अनेक गाणी पुढच्या गाण्यात थेट शिरतात. त्यामुळे शक्य असेल तर बिनजाहिरातीची सोय करावी, नसेल तर जाहिरात लागताच आवाज बंद करावा आणि वैतागू नये.

सगळी गाणी मिळून सव्वादोन तासांच्या थोडी वर जातात. एका दमात ऐकता येतात, पण मी तीन बैठका सुचवीन. पहिल्या बैठकीत ट्रॉय, सायक्लॉप्स आणि सागर ही पर्वे, म्हणजे १३ गाणी. दुसऱ्या बैठकीत सर्सी, पाताळ आणि वज्र, म्हणजे १२. तिसऱ्या बैठकीत उरलेली १५. ही विभागणी मनाची नाही : पहिल्या बैठकीच्या शेवटी ओडिसिअसचे बहुतेक आरमार बुडालेले असते, दुसरीच्या शेवटी तो एकटा उरलेला असतो, आणि तिसरी त्या एकट्याच्या घरवापसीची आहे. शब्द समोर ठेवून ऐकावे, कारण पात्रे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि रॅपच्या जागी इंग्रजी सवयीचे असलेल्यांचीही तारांबळ उडते.

पहिल्या ऐकण्यात तीन वाद्ये ओळखता आली तरी पुष्कळ झाले. गिटार ही ओडिसिअसची, पियानो अथीनेचा आणि ट्रम्पेट पोसायडनचा. हे एकदा कानात बसले की शब्दांच्या आधी संगीतच सांगू लागते की कोण आले, कोण निघून गेले आणि कोणाच्या आठवणीने कोण अस्वस्थ झाले. चाहत्यांच्या प्रतिक्रियांतल्या निम्म्या उद्गारांचा अर्थ या धुनांवाचून लागत नाही. ‘पियानो ऐकला आणि रडू फुटले’ असे कुणी लिहिले, तर त्याचा अर्थ ‘अथीना परत आली’ असा असतो.

लहान मुलांसोबत ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. पहिल्याच पर्वात तान्ह्या बालकाच्या हत्येचा प्रसंग आहे, प्रज्ञा पर्वातील ‘लव्ह इन पॅराडाइज’मध्ये जीव देण्याच्या विचाराचा, ‘सिक्स हंड्रेड स्ट्राइक’मध्ये छळाचा, आणि इथाका पर्वातील ‘होल्ड देम डाउन’ या गाण्यात लग्नेच्छूंचा म्होरक्या अँटिनोअस टेलेमेकसचा खून आणि पेनेलोपीवर बळजबरी करण्याचा बेत उघड गातो. चाल ठेक्याची आहे म्हणून मूल सहज गुणगुणू लागते. मोठ्यांनी ते गाणे आधी एकट्याने ऐकलेले बरे.

चौथी पायरी : चित्रे नंतर

या संगीतिकेला अधिकृत असे एकच दृश्यरूप नव्हते, आणि ती पोकळी चाहत्या चित्रकारांनी भरून काढली. गाण्यावर रेखाचित्रांची मालिका बसवून केलेल्या चलतचित्रांना ‘ॲनिमॅटिक’ म्हणतात. ही मंडळी इतक्या ताकदीने काम करत होती की नवे पर्व प्रसिद्ध होताना जे थेट प्रक्षेपण होई, त्यात निवडक चित्रकारांचे ॲनिमॅटिक गाण्यांसोबत दाखवले जाऊ लागले. म्हणजे चाहत्याने काढलेले चित्र हीच गाण्याची पहिली भेट ठरली.

तरीही नव्या श्रोत्याने पहिल्या फेरीत ती पाहू नयेत, असे मी आग्रहाने म्हणेन. एकदा पाहिलेला चेहरा पुसता येत नाही. ओडिसिअसचा जिवलग सोबती पोलाइटीस काही चित्रांत चक्क चष्मा लावून येतो आणि तो इतका गोड दिसतो की खलाशाच्या नाकावर चष्मा कुठून आला, हे विचारण्याचे भान राहत नाही. मात्र नंतर मूळ गाणे ऐकताना आवाजाआधी चष्माच दिसतो. आधी आपल्या डोक्यात आपली चित्रे उमटू द्यावीत, मग एकाच गाण्याची दोन-तीन वेगळी ॲनिमॅटिक शेजारीशेजारी लावावीत. कोणत्या क्षणाला कुणी डोळे दाखवले, कुणी हात दाखवले आणि कुणी पडदा काळा ठेवला, हे पाहणे म्हणजे तीन श्रोत्यांची प्रतिक्रिया वाचण्यासारखेच आहे. माझ्या मते बरेचदा लेखी प्रतिक्रियेपेक्षा ती अधिक सखोल असते.

पाचवी पायरी : प्रतिक्रियेची तारीख पाहणे

इथून पुढे गोष्ट फुटणार आहे.

चाहत्याचे मत वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा : हे लिहिणाऱ्याने त्या दिवशी कुठपर्यंत ऐकले होते? काम दोन वर्षे तुकड्यातुकड्यांनी आले, त्यामुळे प्रत्येक प्रतिक्रिया अर्धवट माहितीवर उभी आहे आणि तिची गंमतही त्यातच आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. सायक्लॉप्स पर्वात ओडिसिअस एकडोळ्या पॉलिफेमसला आंधळा करतो. पोलाइटीस मारला गेला आहे, इतरही सोबती गेले आहेत, आणि अथीना सांगते की याला आत्ताच संपव. ओडिसिअस नकार देतो, त्याला जिवंत सोडतो, आणि वर रागाच्या भरात स्वतःचे नाव, कूळ, गाव सगळे ओरडून सांगतो. पुढच्या गाण्यात अथीना त्याला सोडून जाते. २०२३ च्या उन्हाळ्यात या प्रसंगावर मत मांडणाऱ्याकडे एवढेच होते. अशा श्रोत्याला अथीना दुराग्रही वाटणे आणि ओडिसिअसची दया मोठी वाटणे साहजिक होते. मग डिसेंबरात सागर पर्व आले. त्यातील ‘रूथलेसनेस’ या गाण्यात ट्रम्पेट वाजतो, पोसायडन अवतरतो, पॉलिफेमस हा आपला मुलगा आहे हे सांगतो, आणि सहाशे माणसांच्या आरमारातून ओडिसिअसच्या हाताखाली उरतात ४३. आता तीच दया वेगळी दिसू लागली. म्हणून अथीनेवर चिडलेली जुनी प्रतिक्रिया चुकीची ठरवून टाकून देऊ नये; पोसायडन येण्यापूर्वी जग कसे दिसत होते, याची ती नोंद आहे.

उलट बाजूने, डिसेंबर २०२४ नंतर जे लिहिले गेले त्यात सर्व काही आधीपासून ठाऊक असल्याचा सूर असतो. ‘हे तर पहिल्या गाण्यातच सांगितले होते’ असे म्हणणाऱ्याने ते बहुधा चाळीसाव्या गाण्यानंतर ओळखलेले असते. असे मत उपयोगाचे असते, फक्त त्याचा तोरा मनावर घेऊ नये.

सहावी पायरी : मुख्य भांडणे समजून घेणे

चाहत्यांचे बहुतेक वाद एकाच खांबाभोवती फिरतात. पहिल्या पर्वात पोलाइटीस सांगतो की जगाला उघड्या बाहूंनी सामोरे जा. सागर पर्वात पोसायडन सांगतो की निर्दय होणे हीच स्वतःवर केलेली दया आहे. एक मित्र, एक शत्रू आणि मध्ये ओडिसिअस. पुढचा प्रत्येक प्रसंग या दोन वाक्यांच्या तराजूत तोलला जातो आणि चाहते पारडे कुठे झुकले यावरून भांडतात. होमरच्या काव्यात हा तराजू या रूपात नाही. तिथे पोलाइटीस गुहेत मरतही नाही. दहाव्या सर्गात, सर्सीच्या दाराशी, तो जिवंत आहे आणि ओडिसिअस त्याला आपला सर्वांत जवळचा सोबती म्हणतो. एवढ्या एका उल्लेखातून संगीतिकेने त्याला उचलले, गोष्टीचा नैतिक कणा केले आणि लवकर मारले.

पॉलिफेमसच्या प्रसंगाबद्दल माझे मत सांगून टाकतो. पोसायडन दयेला दोष देतो आणि बरेच चाहते ते मान्य करतात. खरी चूक नाव सांगण्याची होती. नाव, पत्ता न देता निघून गेला असता तर दया केली तरी सुटला असता. होमरकडेही तो नाव ओरडून सांगतो आणि त्यावरच राक्षस बापाकडे गाऱ्हाणे नेतो. हत्येचा विचार मात्र होमरच्या ओडिसिअसने आदल्या रात्रीच करून सोडून दिलेला असतो, आणि त्यामागे दया नसून हिशेब असतो : राक्षसाला मारले तर गुहेच्या तोंडावरची शिळा कोण हलवणार?

दुसरे मोठे भांडण युरिलोकसचे. हा ओडिसिअसचा दुय्यम अधिकारी. वादळ कोंडून ठेवलेली वाऱ्याची पिशवी उघडून इथाकाच्या दारातून सर्वांना माघारी फेकणारा तोच, हे त्याने दडवून ठेवलेले असते. ‘सिला’ या गाण्याच्या सुरुवातीला तो अखेर कबुली देतो. त्यावर ओडिसिअस रागावत नाही. शांतपणे सांगतो की सहा मशाली पेटव. इथे गाणे क्षणभर थांबवून विचार करावा, असे मी नव्या श्रोत्याला सुचवीन. सिला ही सहा तोंडांची राक्षसीण आहे. ती मशालवाल्यांनाच उचलणार आहे. युरिलोकसला ते माहीत नाही, त्याने मशाली पेटवल्या आहेत, आणि ओडिसिअसने त्याला हे सांगितलेले नाही. पहिल्यांदा ऐकताना हा हुकूम साधा वाटतो. दुसऱ्यांदा ऐकताना तो ऐकवत नाही. होमरच्या काव्यातही ओडिसिअस सिलाविषयी सोबत्यांना काही बोलत नाही आणि सहा माणसे गमावतो, पण ती निवडून पुढे केलेली नसतात. मशालींची ही कल्पना संगीतिकेची, आणि पुढच्या बंडाचे सारे वजन तिच्यावर आहे.

त्या बंडानंतर सूर्यदेवाच्या गाईची हत्या होते आणि देवांचा राजा झ्यूस येऊन पर्याय ठेवतो : तू किंवा तुझी माणसे. ओडिसिअस स्वतःला निवडतो, कारण त्याला पत्नीला भेटायचे आहे. युरिलोकस म्हणतो, पण आम्ही मरू. ओडिसिअस म्हणतो, माहीत आहे. या दोन वाक्यांवर जेवढे लिहिले गेले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर असेल. एक पक्ष म्हणतो की विश्वासघात आधी युरिलोकसने केला. दुसरा म्हणतो की त्याने निदान भुकेल्या माणसांचा विचार केला, कप्तानाने फक्त स्वतःचा. होमरच्या ओडिसिअसला अशी निवड करावीच लागत नाही. तो झोपलेला असताना भुकेली माणसे गाई कापतात आणि शिक्षा त्यांना मिळते. संगीतिकेने नायकाची ही सुटका काढून घेतली, आणि माझ्या मते संपूर्ण कामातला हा सर्वांत धाडसी बदल आहे.

तिसरे भांडण सर्सी आणि बेटावर राहणारी अप्सरा कॅलिप्सो यांच्यावरून होते आणि त्यात ग्रीक साहित्याचे वाचक हिरिरीने उतरतात. होमरकडे ओडिसिअस सर्सीच्या शय्येवर जातो, तिच्याकडे वर्षभर राहतो, आणि कॅलिप्सोच्या बेटावर सात वर्षे काढतो, जिथे रात्री तिच्यासोबत आणि दिवसा किनाऱ्यावर रडत, असा त्याचा क्रम असतो. ‘एपिक’मध्ये तो सर्सीला पत्नीची आठवण सांगून नकार देतो आणि कॅलिप्सोलाही दूर ठेवतो. ‘नायकाला धुऊन पुसून स्वच्छ केले’ ही तक्रार इथून येते, आणि ती अगदीच गैर नाही, कारण लग्नेच्छू मारल्यानंतर होमरने वर्णिलेली बारा दासींची फाशीही संगीतिकेने वगळली आहे. त्याच वेळी हेही पाहावे की ज्या कामाने नायकाच्या हाती बालहत्या आणि सहा मशाली दिल्या, त्यावर सोवळेपणाचा आरोप पूर्ण चिकटत नाही. बालकाचा प्रसंग तर ‘ओडिसी’त नाहीच, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या मुलाला तटावरून फेकल्याची कथा ग्रीक परंपरेत इतरत्र येते आणि तिच्या काही पाठांत ते कृत्य ओडिसिअसचे आहे. पाप कुठले घ्यायचे आणि कुठले टाळायचे, याची निवड इथे विचारपूर्वक झाली आहे. पत्नीवरील निष्ठा अभंग ठेवायची आणि बाकी सगळे मोडू द्यायचे. मराठी वाचकाला हा व्यवहार परका वाटू नये. १८८२ साली ‘संगीत सौभद्र’ रंगमंचावर आले तेव्हा अर्जुन-सुभद्रेची कथा प्रेक्षकांना ठाऊकच होती. किर्लोस्करांनी ती कशी वळवली आणि कोणत्या पदावर वन्समोर घ्यायचा, यात लोकांना रस होता.

कॅलिप्सोची बाजू घेणारे मात्र याहून वेगळे काही म्हणत असतात. ती बेटावर एकटी पडलेली आहे, तिने कुणाला मारलेले नाही, तिचे गाणे करुण आहे. विरोधी पक्षाचे उत्तर एका वाक्याचे असते : सात वर्षे कोंडून ठेवले. नव्या श्रोत्याने इथे घाईने पक्ष घेऊ नये, दोन्ही बाजूंची माणसे गाण्यातल्याच ओळी पुरावा म्हणून देतात आणि दोघांनाही त्या सापडतात.

सूड पर्वातले ‘सिक्स हंड्रेड स्ट्राइक’ हे शेवटचे मोठे रणांगण. ओडिसिअस वाऱ्याच्या पिशवीच्या जोरावर पोसायडनला नमवतो आणि त्याच्याच त्रिशूळाने त्याला भोसकत राहतो, तो वादळ मागे घेईपर्यंत. काहींच्या मते माणसाने देवाला असे हरवणे पटण्यासारखे नाही. काहींना सहाशे मेलेल्यांचा हा हिशेब हवाच होता. होमरचा तोडगा इतका वेगळा आहे की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे टायरेसिअस हा अंध द्रष्टा ओडिसिअसला सांगतो की खांद्यावर वल्हे घेऊन समुद्रापासून दूर चालत जा, आणि ज्या ठिकाणी कुणी वाटसरू त्या वल्ह्याला धान्य उफणण्याचे साधन समजेल तिथे ते जमिनीत रोवून पोसायडनला बळी दे. समुद्र ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्या गावात समुद्रदेवाशी समेट. ही जागा संगीतिकेत असती तर मला अधिक आवडली असती, पण तिच्यावर ट्रम्पेट कसा वाजवणार हेही खरे.

सातवी पायरी : आता होमर

एवढे झाल्यावर मूळ काव्य हाती घ्यावे. इंग्रजीत एमिली विल्सन यांचा २०१७ सालचा अनुवाद सोप्या भाषेत आणि मूळ काव्याइतक्याच ओळींत आहे. सगळे वाचायचे नसेल तर ९ ते १२ आणि मग २३ वा सर्ग वाचावा.

तेविसावा अशासाठी की शेवटचे गाणे त्यातून आले आहे. होमरकडे पेनेलोपी परत आलेल्या नवऱ्यावर विश्वास ठेवत नाही. ती त्याच्यादेखत दासीला सांगते की यांचा पलंग बाहेर काढून घाल. ओडिसिअस संतापतो, कारण तो पलंग हलवताच येत नाही. त्याचा एक खांब म्हणजे मुळांसकट जमिनीत उभे असलेले ऑलिव्हचे झाड आहे आणि ते त्यानेच कोरले आहे. परीक्षा पास. ‘एपिक’मध्ये दासी नाही. पेनेलोपी त्यालाच सांगते की तो पलंग खांद्यावर उचलून दूर ने. आणि परीक्षेपूर्वी ओडिसिअस तिच्यापुढे कबुली देऊन बसलेला असतो की मी तो माणूस राहिलेलो नाही, मी फार वाईट गोष्टी केल्या आहेत. त्यामुळे तोच प्रश्न दोन ठिकाणी दोन वेगळी कामे करतो : होमरची पेनेलोपी ‘हा तोच आहे का’ हे तपासते, तर इथली पेनेलोपी त्याला ‘तू अजून तोच आहेस’ हे त्याच्या स्वतःच्या रागातून दाखवून देते. शेवट फार गोड झाला, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतलेला नसतो, असे मला वाटते. अर्थात गोड झाला आहे, हेही मी नाकारणार नाही.

आठवी पायरी : स्वतःची प्रतिक्रिया लिहिताना

आपण कुठल्या पर्वापर्यंत ऐकले आहे, ते पहिल्या ओळीत लिहावे. वाचणाराही जपून उत्तर देतो. कुणाचे चित्र किंवा ॲनिमॅटिक दाखवायचे असेल तर चित्रकाराच्या मूळ जागेचा दुवा द्यावा, स्वतः उतरवून घेऊन पुन्हा चढवू नये. अँटिनोअसचा संताप आला तर तो अँटिनोअसवर काढावा, त्याला आवाज देणाऱ्या गायकावर नको. ‘होमरमध्ये असे नाही’ एवढेच लिहून थांबू नये. काय आहे ते सर्गासकट सांगावे आणि बदलामुळे काय साधले किंवा बिघडले तेही.

मराठीत लिहायला संकोचू नये. या गाण्यांवर इंग्रजीत इतके लिहिले गेले आहे की नवे काही सापडणे कठीण. पण वनवास, शाप, उःशाप, वर मागण्यातली चूक, देवाचा कोप या गोष्टी ज्या भाषेत घरोघर बोलल्या जातात, तिच्यात हे प्रसंग वेगळ्या बाजूने उजळतात.

लिहिण्यापूर्वी मात्र पहिले गाणे, ‘द हॉर्स अँड द इन्फंट’, आणि त्यापाठोपाठचे ‘जस्ट अ मॅन’ पुन्हा एकदा लावावे. माणसाचा राक्षस केव्हा होतो, हा प्रश्न तिथेच विचारलेला आहे, आणि पहिल्या फेरीत तो विचारणाऱ्याचे नाव सोडून आपल्याला त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हते.